मायले सांगू नोका

"दिवसाला किती गोळ्या घ्यायच्या, देविदासभाऊ?"

"कायच्या गोळ्या?"

"आत्ता दाखवल्या ना तुम्हाला. सकाळी एक, संध्याकाळी एक. मग दिवसाच्या किती झाल्या?"

तो माझ्या तोंडाकडे बघत बसला. उत्तर शोधत होता, ते दिसत होतं. विहिरीत पडलेली बादली गळानं चाचपडत शोधावी, तसं त्याचं चाललं होतं. मग ओठ हलले. "कायच्या गोळ्या, बाई?"

दारात आमचे मेडिकल ऑफिसर उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, नॉट रेडी. पुढच्या महिन्यात बोलवा."

"सर, मागच्या महिन्यातही आपण हेच म्हटलं होतं."

"मग? तो मागच्या महिन्यातही रेडी नव्हता."

झालं. साहेब गेले. देविदास खुर्चीत तसाच बसून राहिला. त्याला उठा म्हटल्याशिवाय तो उठत नसे.

मी मूळची वरोऱ्याची. एमएसडब्ल्यू केलं आणि जंगलाकडच्या एका सरकारी दवाखान्यात कौन्सेलर म्हणून लागले. दवाखान्याचं नाव सांगत नाही, माणसांची नावं बदललेली आहेत. काळ दोन हजार सालानंतरचा. एचआयव्हीच्या गोळ्या, ज्यांना आम्ही एआरटी म्हणतो, त्या सरकारात फुकट मिळायला नुकती सुरुवात झाली होती. त्याआधी माझं काम एवढंच होतं: माणसाला समोर बसवायचं, रिपोर्ट सांगायचा आणि धीर द्यायचा. कशाच्या भरवशावर धीर देत होते, देव जाणे. गोळ्या आल्या तेव्हा आम्ही सेंटरमध्ये पेढे वाटले होते. आता काही तरी हातात देता येईल असं वाटलं होतं.

देविदास ढिवराचा पोरगा. गाव तलावाच्या काठी, घरदार मासेमारीवर. मधली काही वर्षं तो आलापल्लीकडे सागवानाच्या ट्रकवर होता, आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. तिथून परत आला आणि पुन्हा तलावावर डोंगा चालवायला लागला. बायको तापानं गेली. गावात 'तापानं गेली' म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. ती आजारी होती तेव्हाच हा एकटा आमच्याकडे येऊन तपासून गेला होता. रिपोर्ट मीच सांगितला होता. तेव्हा त्याचं डोकं अगदी शाबूत होतं. रडला नाही, ओरडला नाही. उठताना एवढंच म्हणाला, "मायले सांगू नोका, बाई. माय घरोघर मच्छी विकते. आमच्या घरात हे बिमारी हाय म्हून समजलं, तं तिच्या टोपल्यातली मच्छी कोन घेईन?"

मी म्हटलं, "नाही सांगणार. ते माझं कामच आहे." मग तो गेला तो काही वर्षं फिरकलाच नाही.

परत आला तेव्हा त्याला आईनं धरून आणलं होतं. पाय फाकवून, झोकांड्या खात चालत होता. ओपीडीत शिपायानं आधी त्याला बाहेर काढलं. पिऊन आलाय म्हणाला. नशीब की वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरनं तोंडाचा वास घेऊन पाहिला आणि ॲडमिट केलं.

इथे थोडं समजावून सांगते. एचआयव्ही माणसाची रोगांशी लढायची ताकद खातो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो मेंदूतही शिरतो, हे फारसं कोणाला माहीत नसतं. कधी मेंदूत टीबी होतो, कधी बुरशीचा मेनिन्जायटिस होतो, कधी गाठ होऊन अर्धं अंग जातं. यातलं काहीच सापडलं नाही, तर डॉक्टर एका वेगळ्या गोष्टीकडे येतात. एचआयव्ही डिमेन्शिया. डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला ऐंशी वर्षांचे आजोबा दिसतात. हा पस्तिशीतल्या माणसाला होतो. आधी वेग जातो. प्रश्नाचं उत्तर येतं, पण गावातल्या एसटीसारखं, येईल तेव्हा येईल. मग पाय ऐकत नाहीत. मग बोटांचं बारीक काम सुटतं. मग माणसाला काही नकोसंच होतं, भूकसुद्धा सांगत नाही.

देविदासच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं, नागपूरहून मेंदूचा स्कॅन करून आणला. टीबी नाही, बुरशी नाही, गाठ नाही. मेंदू आकसलेला. त्या तरुण डॉक्टरनं कागदावर निदान लिहिलं आणि आमच्या सेंटरला पाठवलं. जाताना मला म्हणाला, "मॅडम, म्हाताऱ्यांच्या डिमेन्शियाला औषध नाही. याला आहे. तुमच्याच कपाटात आहे. लवकर सुरू करा."

आमच्या कपाटात होतं, खरंय. पण कपाटापर्यंत जायचा रस्ता नियमातून जात होता.

नियम कोणा मूर्खानं केलेला नव्हता, हे आधीच सांगते. एआरटीची गोळी एकदा सुरू केली की जन्मभर, रोज, वेळेवर. अधूनमधून चुकली तर विषाणू गोळीला सरावतो आणि मग ती गोळी म्हणजे खडू. तेव्हा सरकारात दुसरी गोळी मिळतही नव्हती. म्हणून गोळी द्यायच्या आधी कौन्सेलरनं पेशंटला बसवून समजवायचं, मग विचारायचं: किती, कधी, चुकली तर काय करायचं. सांगता आलं की पेशंट रेडी. शिवाय घरातलं एक माणूस असं पाहिजे, ज्याला आजार माहीत आहे आणि जे रोज गोळीची आठवण करेल.

आता बोला! विसरायच्या आजाराचं औषध, आणि ते मिळणार ज्याला सगळं आठवतं त्याला. पोहता आलं तरच पाण्यात उतर म्हणण्यातली गत.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. फाइलला घाबरणारे होते.

"सर, गोळी दिली तर त्याला आठवायला लागेल."

"आणि तोपर्यंतचे दोन-तीन महिने गोळी कोण देईल?"

"त्याची आई देईल. तीच भरवते त्याला."

"आईला आजार माहीत आहे?"

"नाही."

"मग ती सपोर्टर कशी होईल?"

"डोक्याच्या गोळ्या म्हणून देऊ तिच्या हातात. खोटंही नाही ते."

"मॅडम, अंगावर चट्टे उठले, कावीळ झाली, तर ती त्याला कुठे नेईल? कोणाला काय सांगेल? गावचा कंपाउंडर डबीवरचं नाव वाचून तिला सांगेल, ते चालेल तुम्हाला?"

हे मात्र त्यांचं बरोबर होतं.

"पेशंटची संमती घ्या, आईला सांगा, आणि करू सुरू," साहेब म्हणाले.

"कोणत्या डोक्यानं देईल सर तो संमती?"

"आहे त्या डोक्यानं," म्हणाले आणि पंख्याचं बटण वाढवलं.

आई बाहेर व्हरांड्यात बसलेली असायची. भागरथाबाई. काळी, काटक, पदर खोचलेला. हाताच्या बोटांवर माशांच्या काट्यांनी पडलेले बारीक बारीक व्रण. तिला वाटायचं हा डोक्याचा दवाखाना आहे. भिंतीवरचं 'एआरटी सेंटर' तिला वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी काय कळणार होतं?

"डोंग्यातून पडला ना बाई तो. खाली खुंट होता पान्यात. डोस्क्याले लागलं. तवापासून असा झाला."

"हं."

"जाळं विनत बसते अन् एकच गाठ बांधते, सोडते, बांधते, सोडते. सकायपासून तेच. याच्या हातचं जाळं पंचक्रोशीत मांगून नेत, बाई. आता मले म्हन्ते, माय, हे काय व?"

"हं."

"मंग गोळ्या काऊन देऊन नाई राह्यले तुमी? मागच्या बारीनं तं म्हटलं होतं, या बारीनं देतो."

"तपासण्या बाकी आहेत, भागरथाबाई."

"किती तपासते व! रगत तं सारं काढलं त्याचं." मग लगेच माझ्याच हातावर हात ठेवून म्हणाली, "तुले नाई म्हन्लं मी. तू तं बिचारी बोलते तरी."

खोटं बोलायचा पगार घेत होते मी तेव्हा. चिडचिड व्हायची. घरी येऊन भांड्यांवर राग निघायचा.

देविदासला मी दर वेळी विचारायची. एकटं बसवून, दार लावून. "देविदासभाऊ, आईला सांगू? सांगितलं की गोळ्या सुरू होतील. तुम्ही बरे व्हाल."

आणि इथेच तर गंमत होती, कडू गंमत. त्याला वार सांगता येत नव्हता. बायको मेली हे आठवत नव्हतं. एकदा मला म्हणाला, बाहेर बसलीय ती. आपण कुठे आलोय, कशाला आलोय, काही पत्ता नाही. पण आईचं नाव काढलं की डोळ्यांत एकदम जाग यायची. "नाई बाई. मायले सांगू नोका."

"का नको?"

मग का ते आठवत नसे. टोपलं, मच्छी, लोक, सगळं पुसून गेलेलं. फक्त 'नोका' उरलेलं. मेंदूतून सगळं सामान वाहून गेलं आणि लाज तेवढी खुंटीला टांगलेली राहिली. एवढा राग यायचा मला त्या लाजेचा, काय सांगू!

एकदा तो हो म्हणाला. मी पळत बाहेर आले, तर भागरथाबाई चहा आणायला गेलेली. ती येईपर्यंत आत हा पुन्हा "नोका"वर. पुन्हा एकदा तसंच. साहेब म्हणाले, "मॅडम, हे काय संगीतखुर्ची चाललंय का?"

तोवर तो अजून घसरला. लघवी कळेना. घास तोंडात धरून बसायचा. वॉर्डातला तरुण डॉक्टर भेटला की विचारायचा, "सुरू केलं?" मी मान हलवायची. नंतर नंतर मी त्याला पाहून रस्ता बदलायला लागले.

मग तो दिवस. एसटीतच देविदासचं धोतर खराब झालं होतं. कंडक्टर ओरडला असणार, लोक बाजूला सरकले असणार. भागरथाबाईनं त्याला आमच्या नळावर धुतलं, माझ्याच एका जुन्या ओढणीत गुंडाळून आत आणून बसवलं आणि धोतर वाळत घालायला गेली. तो थरथरत होता. आणि रडत होता. इतक्या महिन्यांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"काय झालं, देविदासभाऊ?"

"माय धुते मले," तो म्हणाला. "एवढा मोठा मानूस मी. माय धुते."

मी म्हटलं, "आईला सांगू दे मला. गोळ्या सुरू करू. मग नाही धुवावं लागणार तिला."

"सांगा," तो म्हणाला. "काई करा. सांगा तिले."

आमची नर्स सिस्टर समोरच होती. मी म्हटलं, "ऐकलं ना? साक्षीदार तुम्ही." सिस्टर म्हणाली, "ऐकलं. जा लवकर." या वेळी मी भागरथाबाईला ओल्या धोतरासकट, हाताला धरून ओढतच आत आणलं. दार लावलं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, असं सांगताना घाई करू नका, आधी पाणी द्या, माणसाला वेळ द्या. माझ्याकडे वेळ कुठे होता?

"भागरथाबाई, ऐका. हे डोंग्यातून पडल्याचं नाही. देविदासभाऊला एचआयव्ही आहे. एड्सची बिमारी म्हणतात ना, ती. ती डोक्यात गेली आहे. याच्या गोळ्या आहेत, रोज दोन वेळा, तुम्ही द्यायच्या. दिल्या तर डोकं परत येईल."

ती उभीच होती. धोतराचं पाणी फरशीवर टपटपत होतं. आणि तेवढ्यात मागून देविदासचा आवाज आला. माझ्याकडे बघत नव्हता, सरळ आईकडे बघत होता.

"मायले सांगू नोका, बाई."

सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

भागरथाबाईनं धोतर खाली ठेवलं. त्याच्याजवळ गेली, डोक्यावरून हात फिरवला. "नाई सांगत रे बाप्पा," ती म्हणाली. "कोनी नाई सांगत तुया मायले."

मग माझ्याकडे वळली. डोळे कोरडे. "कवा कवा द्याच्या गोळ्या?"

त्याच दिवशी साहेबांनी गोळ्या सुरू केल्या. पहिले पंधरा दिवस सकाळची गोळी एक, संध्याकाळची वेगळी, मग दोन्ही सारख्या. शिकल्यासवरल्या लोकांना मी चार-चार वेळा समजवलं तरी डब्या उलट्यापालट्या करतात. भागरथाबाईला एकदा सांगितलं. सकाळी जाळी काढून डोंगे काठाला लागतात तेव्हा एक, दिवेलागणीला एक. तिनं ती वेळ कधी चुकवली नाही.

सुधारणा हळूहळू झाली. आधी चालणं सरळ झालं. मग एक दिवस खुर्चीत बसायच्या आधी त्यानं खुर्ची पुसली. मी वार विचारला तर म्हणाला, "गुरुवार. आज बजार हाय ना आमच्या इथचा." मी सिस्टरला हाक मारून दाखवलं, जसं काही माझंच लेकरू पहिल्यांदा बोललं होतं. पुढच्या खेपेला कळलं की त्यानं जाळं विणायला घेतलंय. मग तलावावर जातोय. तरुण डॉक्टर तेव्हा बदलून गेला होता, नाही तर त्याला बोलावून दाखवलं असतं. फार आनंद झाला होता मला. नोकरीत असा आनंद एखाद वेळीच मिळतो, आणि तोही टिकत नाही.

नंतरच्या खेपेला तो एकटाच आला. धुतलेला सदरा, केस विंचरलेले. माझ्या टेबलाकडे आला नाही. सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेला. थोड्या वेळानं शिपाई मला बोलवायला आला.

"मॅडम, हे म्हणतात तुम्ही यांच्या परवानगीशिवाय आईला सांगितलं."

"सर, परवानगी होती. महिनोन्‌महिने नको म्हणत होते, पण शेवटी हो म्हणाले. सिस्टर साक्षीला आहेत."

देविदास उभाच होता. पाय जुळवून, अगदी सरळ. "बाई, मी रिपोर्ट घ्याले आलतो, तवा तुमाले सांगतलं होतं का नाई, मायले सांगू नोका म्हून?"

"सांगितलं होतं."

"तुमी म्हटलं होतं का नाई, नाई सांगनार, हे माह्यं कामच हाय?"

शब्द न् शब्द. मी म्हटलं, "हो. पण नंतर तुम्ही आजारी होता, देविदासभाऊ. तुमचं डोकं ठिकाणावर नव्हतं."

"मंग मी महिनेच्या महिने नोका म्हटलं, तवा माह्यं डोस्कं ठिकानावर नोतं. म्हून तुमी ते धरलं नाई. अन् एका दिवशी हो म्हटलं, तवा तेच डोस्कं ठिकानावर आलं? हो धरलं अन् नाई सोडून देल्लं? हे कोनता हिसाब हाय, बाई?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब पेपरवेट फिरवत होते.

"सांगितलं नसतं तर तुम्ही आज इथे उभे नसता," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. चढू दे म्हटलं.

"नसतो उभा. मेलो असतो. माय तं विकत राह्यली असती मच्छी!"

"म्हणजे? कोणाला कळलं गावात? मी एक शब्द बोलले नाही!"

"कोनालेच नाई समजलं," तो म्हणाला. "मायनंच टोपलं ठेवून देल्लं. विकाले जातच नाई ते. मी मासोळ्या आनतो अन् ठेकेदाराले देऊन टाकतो, तो देईन ते घेतो. माय दिवसभर घरात बसून राह्यते. मले म्हन्ते, लोकायच्या लेकरायले लागन तं? जलमभर तिनं दुसरं काई केलं नाई बाई. टोपलं घेऊन निंघाली का चार घरी बसे, बोले, हासे. आता कोनाच्या दारात जात नाई."

मला वाटलं होतं गाव वाळीत टाकेल. गावाला पत्ताही नव्हता. बाईनं स्वतःच स्वतःला वाळीत टाकलं होतं.

तो गेल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, संमती घ्या म्हटलं होतं मी. ओढत आणून सांगा असं नव्हतं म्हटलं. यापुढे या पेशंटला तुम्ही बघायचं नाही."

"सर, तुम्हीच तर..."

"विषय संपला."

संपला. पुढच्या महिन्यात नागपूरच्या मीटिंगमध्ये साहेबांनी देविदासची केस मांडली. नाव न घेता, अर्थातच. आधीची स्थिती, नंतरची स्थिती, पडद्यावर. टाळ्या झाल्या. कोणी तरी विचारलं, सपोर्टर कोण होता? साहेब म्हणाले, "मदर. व्हेरी कोऑपरेटिव्ह." मी मागच्या रांगेत बसून समोसा खात होते. उरलेला कागदात गुंडाळून ठेवला.

मला गावात जाता येत नव्हतं. आमच्यासारखी बाई एखाद्याच्या दारात उभी राहिली की गावाला जे कळायचं ते कळतं. म्हणून सिस्टरकरवी निरोप दिला आणि भागरथाबाईला तपासणीच्या निमित्तानं बोलावून घेतलं. तिचं रक्त तपासलं. निगेटिव्ह. मी तिला तीनतीनदा सांगितलं. मच्छीतून लागत नाही, हातातून लागत नाही, टोपल्यातून लागत नाही, पाण्यातून लागत नाही. तुम्हाला तर हा आजारच नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढे केला. बोटावर ताजा काटा रुतल्याची खूण होती.

"तू म्हन्तं ते खरंच असन, बाई. तू शिकेल हाय. पन मी टोपलं उतरवलं का आंगनातले लेकरं धावत येते, टोपल्यात हात घालते. माह्या हातातून रोजचं रगत निंघते. अन् घरी त्याचं सारं मीच धुवत होतो."

"तुमचं रक्त साफ आहे, भागरथाबाई. आत्ताच पाहिलं ना."

"आज हाय," ती म्हणाली.

तिला घाबरवलं कोणी, ते आठवा जरा. भिंतीभिंतीवर आम्हीच रंगवून ठेवलं होतं, एड्स म्हणजे मृत्यू. सरकारी पैशानं, लाल रंगात, हाडांच्या सापळ्यासकट. तेही तिनं वाचलं नव्हतं, पण सापळा वाचावा लागत नाही. अख्ख्या मुलखात ते चित्र आम्ही पोहोचवलं आणि त्यानंतर एक मी, एका टेबलावर, तिला सांगतेय की घाबरू नका. ती उठली. जाताना म्हणाली, "माह्या पोराचा राग धरू नोको व. तो बरा झाला ना, म्हून बोलून राह्यला."

त्यानंतर देविदास दर महिन्याला येत राहिला. ठरलेल्या दिवशी, पहिल्या नंबरला. फार्मासिस्टकडून गोळ्या घ्यायचा, दुसऱ्या कौन्सेलरच्या टेबलावर बसायचा, माझ्याकडे पाठ करून. एकही खेप चुकवली नाही. नवीन पेशंटला समजवायचं असलं की ती दुसरी कौन्सेलर त्यालाच बोलवायची. तो सगळं बरोबर सांगायचा: किती, कधी, चुकली तर काय. मी इकडच्या टेबलावरून ऐकायची.

मला लोक विचारतात, पुन्हा असा पेशंट आला तर काय करशील? मी सांगते, तेच करीन. ओढत आणीन आणि सांगीन. पण त्याच्या त्या हिशेबाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. ट्रेनिंग देणाऱ्या मोठमोठ्या लोकांना विचारून पाहिलं. ते म्हणतात, गुड क्वेश्चन.

मग मला वरोऱ्याकडे दुसरी नोकरी मिळाली. आमच्या सेंटरमधला माझा शेवटचा दिवस नेमका देविदासच्या खेपेचा निघाला. तो गोळ्यांची पिशवी घेऊन निघाला होता. मी दारात उभी राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला हाक मारली.

"देविदासभाऊ, मी उद्यापासून इथे नाही. आई कशी आहे?"

तो थांबला. "घरीच असते."

"माझा निरोप सांगा तिला. आठवण आहे म्हणा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सरळ, स्वच्छ नजर. एकेकाळी त्या डोळ्यांत काही म्हणता काही नव्हतं.

"मले बी हाय, बाई," तो म्हणाला. "सारं ध्यानात हाय माह्या."

आणि पायऱ्या उतरून नीट चालत स्टँडकडे गेला. गोळ्या त्यासाठीच तर दिल्या होत्या.